मर्क्युरी-रेडस्टोन अग्निबाणाची प्रमाण-प्रतिकृती

अमेरिकेच्या पहिल्या समानव अवकाश कार्यक्रमातील (प्रोजेक्ट मर्क्युरी) रेडस्टोन अग्निबाणाची, मूळ मापे एकाच प्रमाणात घटवून केलेली प्रतिकृती. सुरुवातीच्या काळातील अग्निबाणांपैकी हा हौशी कारागिराला सर्वांत सोयीचा, कारण याचे धड म्हणजे एक सरळ नळी. त्याच काळातील सोव्हिएत व्होस्तोकला चार शंकूच्या आकाराचे बूस्टर बिलगलेले असतात; अ‍ॅटलासचे पत्रे न रंगवलेल्या स्टेनलेस स्टीलचे, त्यामुळे ती झळाळी रंगात आणणे हेच वेगळे काम होऊन बसते. रेडस्टोनच्या बाबतीत आकार सोपा आणि बारकावे अवघड.

मूळ अग्निबाण टोकापासून शेपटीपर्यंत २५.४१ मी. उंच आणि १.७८ मी. व्यासाचा होता. १:४८ प्रमाणात त्याची उंची ५२९ मिमी, १:७२ मध्ये ३५३ मिमी आणि १:१४४ मध्ये १७६ मिमी येते. १:७२ मध्ये व्यास २४.७ मिमी होतो आणि घराच्या वायरिंगसाठी मिळणारा पीव्हीसी कंड्युट पाइप बाहेरून बरोबर २५ मिमी असतो. तो वापरायचा तर सगळी प्रतिकृतीच १:७१ धरावी (उंची ३५८ मिमी). धड १:७१ आणि कुपी (टोकावरचे, अंतराळवीर बसतो ते यान) १:७२ अशी सरमिसळ केली, तर कुपीखालची कड बारीक दिसते आणि जाणकाराची नजर नेमकी तिथेच जाते. खऱ्या कुपीच्या तळाचा व्यास १.८९ मी., म्हणजे धडापेक्षा किंचित मोठा होता. प्रतिकृतीत ही कड दोन्ही बाजूंना जेमतेम ०.८ मिमी भरते, पण मर्क्युरी-रेडस्टोनची ओळख तिच्यातच आहे.

काम सुरू करण्यापूर्वी कोणते उड्डाण करायचे हे ठरवावे लागते. ‘साधारण रेडस्टोन’ अशी वस्तू कधी उडालीच नाही. एमआर-१ (‘एमआर’ म्हणजे मर्क्युरी-रेडस्टोन; २१ नोव्हेंबर १९६०) जेमतेम १० सेंमी उचलला गेला, इंजिन बंद पडले, तो पुन्हा तळावर टेकला आणि वरचा सुटका-मनोरा (संकटात कुपीला अग्निबाणापासून दूर ओढून नेणारा) मात्र एकटाच उडून गेला. त्यानंतर एमआर-१ए (१९ डिसेंबर १९६०), हॅम या चिंपांझीला नेणारा एमआर-२ (३१ जानेवारी १९६१), चाचणीसाठीचा एमआर-बीडी (२४ मार्च), अ‍ॅलन शेपर्डचा एमआर-३ (५ मे) आणि गस ग्रिसमचा एमआर-४ (२१ जुलै) अशी उड्डाणे झाली. शेपर्डच्या ‘फ्रीडम ७’ला दोन लहान गोल झरोके होते, ग्रिसमच्या ‘लिबर्टी बेल ७’ला समलंब आकाराची मोठी खिडकी आणि स्फोटक दार होते, शिवाय ‘लिबर्टी बेल’ या तडकलेल्या मूळ घंटेची आठवण म्हणून बाजूला रंगाने काढलेला तडाही होता. एकाची कुपी दुसऱ्याच्या धडावर बसवणे ही नेहमीची चूक आहे. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या प्रतिकृतींतही असेच घडते. ५००-एफ या कधीही न उडालेल्या सराव-अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यावर दोन टाक्यांमधला भाग काळा होता. तो उन्हात तापतो म्हणून उड्डाणाच्या अग्निबाणांवर पांढरा केला गेला. तरी काळ्या पट्ट्याचा ‘अपोलो ११’ आजही पाहायला मिळतो.

छायाचित्रावरून मापे घेताना व्यास ही मोजपट्टी धरावी. खालून टिपलेल्या छायाचित्रात वरचा भाग आखडतो, म्हणून दुरून आणि समोरून घेतलेलेच छायाचित्र वापरावे. संग्रहालयांच्या अंगणातील अग्निबाणांवर रंगासाठी विसंबू नये; ऊन-पावसामुळे ते पुन्हा पुन्हा रंगवलेले असतात.

पाइप दुकानातच काचेच्या काउंटरवर घरंगळवून पाहावा, कारण उभे ठेवलेले पाइप वाकतात. धडासाठी साधारण २५ सेंमीचा तुकडा लागतो. कागदाची पट्टी पाइपभोवती कडा जुळवून गुंडाळली की काटकोनातली रेघ मिळते. छापील अक्षरे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढावीत. पॉलिस्टायरिनचा सिमेंट पीव्हीसीला धरत नाही. तिथे दोन भागांचे इपॉक्सी वापरावे. चार पंखांसाठी १ मिमी जाडीचा पॉलिस्टायरिनचा पत्रा पुरतो, कडा घासून पाचरीसारख्या कराव्यात. पाइपचा घेर ७८.५ मिमी आहे, म्हणून पट्टीवर दर १९.६ मिमीला खूण केली की पंखांच्या जागा मिळतात. नुसत्या कडेवर चिकटवलेला पंख पहिल्याच धक्क्याला निखळतो. प्रत्येकाच्या मुळाशी ०.५ मिमी तारेच्या दोन खुंट्या रोवाव्यात.

कुपी लाकडातून लेथवर काढतात किंवा त्रिमितीय छपाईने करतात. शंकूची बाजू अक्षाशी २०° कोन करते. कुपीच्या पाठीवरचे पत्रे पन्हळी होते. त्या रेषा फार खोल कोरल्या तर कुपी लिंबू पिळण्याच्या यंत्रासारखी दिसते. रेट्रो रॉकेटांचा (कुपीचा वेग कमी करणाऱ्या छोट्या रॉकेटांचा) संच कुपी आणि धड जोडणाऱ्या कड्याच्या आत झाकलेला असतो, त्यावर वेळ घालवू नये.

सुटका-मनोरा तीन पायांचा जाळीदार असतो. ०.५ ते ०.७ मिमी पितळी तार घेऊन एक बाजू लाकडी फळीवर टाचण्यांत सपाट बसवून सोल्डरचा डाग द्यावा, मग तिसरा पाय जोडावा. नवा डाग देताना जुना वितळतो. आधीच्या सांध्यावर ओला कापूस ठेवावा. मनोरा लाल, धड पांढरे, कुपी काळपट आणि अजिबात न चमकणारी असावी.

पांढरा रंग तीन-चार पातळ हातांत द्यावा. काळ्या भागासाठी टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक फवारा मारला की काळा आत झिरपत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लॅकर फवारल्यास हवेतील बाष्पामुळे तो दुधाळ पडतो, तेव्हा कोरडा दिवस पाहावा. अक्षरांचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) चकचकीत क्लिअर कोटवरच चिकटवावेत. खरखरीत पृष्ठभागावर खाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. कुपीवरची पांढरी अक्षरे घरगुती प्रिंटरवर छापता येत नाहीत. पांढऱ्या डेकल कागदावर भोवतीची काळी पार्श्वभूमी छापून अक्षरे कोरी सोडणे हा त्यावरचा मार्ग. उड्डाणपूर्व क्षण दाखवायचा असेल, तर हिम धडाच्या खालच्या भागावर दाखवावे. द्रवरूप ऑक्सिजनची टाकी तिथे होती, अल्कोहोलची तिच्या वर.

उडणारी प्रतिकृती याच साच्यात बनत नाही. पीव्हीसी जड असतो आणि फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात, म्हणून तिथे कागदी नळी आणि बाल्सा लाकूड वापरतात. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा एकूण दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे किमान एक व्यास हवा. रेडस्टोनचे पंख लहान असल्यामुळे टोकात वजन घालावे लागते किंवा पंख थोडे मोठे करावे लागतात. जागतिक स्पर्धांच्या एस-७ या प्रमाण-प्रतिकृती गटात मात्र मापे तपासली जातात, त्यामुळे तिथे पंख वाढवल्यास गुण कापले जातात आणि वजनाचाच पर्याय उरतो. मनोरा पितळेचा न करता प्लॅस्टिकच्या काड्यांचा करतात. उतरताना तोच आधी मोडतो, म्हणून पेटीत जादा मनोरा ठेवलेला असतो.