आमराई (सांगली)

सांगली शहरातील पटवर्धन संस्थानच्या काळातील बाग, आज महानगरपालिकेचे सार्वजनिक उद्यान. ‘आमराई’ हे मराठीत सामान्यनाम आहे; आम्रराजी, म्हणजे आंब्यांची रांग, यावरून ते आले. सांगलीकराच्या तोंडी मात्र ते विशेषनाम होऊन बसले आहे. ‘आमराईत भेटू’ म्हटल्यावर ‘कुठल्या?’ असे इथे कोणी विचारत नाही.

राजेरजवाड्यांनी आंबाच का लावला, याचे उत्तर फळापेक्षा सावलीत आहे. आंबा सदाहरित. पिंपळ आणि सावर ऐन फाल्गुनात बोडके होतात, तेव्हा आंब्याची तांबूस पालवी फुटत असते आणि जुनी पाने फांदीवरच असतात. वैशाखात गर्द सावली देणारे दुसरे एवढे मोठे झाड या काळ्या मातीत सहज सापडत नाही. म्हणून मुक्काम, जत्रा, सभा, पंगत या सगळ्यांना गावाबाहेरची आमराई सोयीची पडे. अशा जुन्या लागवडी बहुधा रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढवलेल्या झाडांच्या असत. कलमाचे झाड बुटके राहते आणि लवकर फळते. रायवळ उशिरा फळते, पण उंच जाते आणि शंभर वर्षे सहज काढते. फळे तर झाडागणिक निराळी: शेपू, गोटी, खोबऱ्या, शेंदऱ्या. सांगलीची आमराई आता निव्वळ आंब्यांची राहिलेली नाही, इतर झाडेही पुष्कळ आहेत. जुन्या आंब्यांचा खरा वैरी बांडगूळ. ते फांदीत मूळ रुतवून झाडाचे पाणी ओढते आणि वेळेवर छाटले नाही तर फांदी वाळवते.

सांगली हे राजधानीचे गाव म्हणून वसवले ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी. मिरजेच्या घराण्यातून वेगळे होऊन त्यांनी इथे गणेशदुर्ग बांधला, कृष्णाकाठी गणपती मंदिर उभारले. बागेइतकाच त्यांचा दुसरा वारसा नाटकाचा. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून त्यांनी आपल्या आश्रयातील विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करायला सांगितले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ दरबारासमोर झाले. हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन आहे. तेव्हा गावात नाट्यगृह नव्हते. सांगलीत नाटक आधी आले, त्यासाठीची इमारत पुष्कळ नंतर. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडू लागले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले.

इमारतीवाचूनच्या या नाटकाची घडण नीट पाहिली, तर बागेतला कार्यक्रम कुठला रंगतो आणि कुठला फसतो हे कळते. उघड्यावर आवाज परत फिरवायला भिंत नसते. पंधरावीस पावलांवर तो विरतो. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार गाई, पात्रे त्यावर आयत्या वेळी बोलत. राक्षस ‘अलल डुर्र’ करीत येई, त्यामुळे मागच्या रांगेलाही कोण आले ते कळे. तमाशाचेही तेच. पट्टीत चढलेला गळा, ढोलकी, हलगी, कडे, आणि झीलकऱ्याने ओढून पुन्हा म्हटलेली ओळ. झील म्हणजे नुसता अलंकार नव्हे, ती दूर बसलेल्यासाठीची सोयही आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. दोघांची कला उघड्या मैदानावर वाढली. म्हणून बागेत पोवाडा, भारूड, पथनाट्य हे माइकशिवायही उभे राहते. दिवाणखान्यातल्या कुजबुजीवर चालणारे दोन अंकी नाटक झाडाखाली आणले की तिसऱ्या रांगेपासून लोक शेंगा सोलू लागतात. त्यात प्रेक्षकाचा दोष नाही.

गाण्याचे वेगळे. शेजारच्या मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, रात्ररात्र मैफल चालते. तिथे ख्याल उघड्यावर रंगतो, कारण ऐकणारा मुळात ऐकायलाच आलेला असतो. बागेत फिरायला आलेल्याला थांबवून ठेवणे हे अधिक कठीण काम.

सायकलीला सांगली अनुकूल आहे. साताऱ्याप्रमाणे इथे चढ नाही. तासाच्या भाड्याने सायकली मिळत त्या काळात मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून पोरे शिकत, आणि पडायला मऊ माती असलेले कुठलेही मोकळे आवार चाले. आता पहाटेचे सायकलवाले हेल्मेट घालून लांब जातात. नवख्या पाहुण्याने मात्र आमराईतून निघून गणपती मंदिरावरून हरिपूरला जावे: चारेक किलोमीटर, सपाट, आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम. हळद साठवण्याची जमिनीतली पेवे हे हरिपूरचे वैशिष्ट्य होते; २००५ च्या पुरात त्यांची मोठी हानी झाली. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. बागेत शिरल्यावर सायकलवरून उतरावे हे बरे. सकाळी आतल्या वाटा चालणाऱ्या ज्येष्ठांच्या असतात आणि घंटी वाजवलेली त्यांना आवडत नाही.

चित्र काढायला येणाऱ्यांसाठी सकाळी नऊच्या आतली वेळ चांगली. त्यानंतर ऊन डोक्यावर येते, खोडांवरची तिरपी सावली जाते आणि हिरव्यावर हिरवे बसून चित्र चिखल होते. जलरंगात आंबा काढणे फसवे आहे: पान लांबट आणि गडद, पण झाडाचा एकूण आकार घुमटासारखा. नवशिके पाने मोजत बसतात आणि घुमट हरवतात.

भेटीचा हंगाम मार्गशीर्ष ते फाल्गुन. पौष-माघात मोहोर येतो आणि त्याचा उग्र गोड वास संध्याकाळी जमिनीलगत उतरतो. उघड्यावरच्या कार्यक्रमांनाही हेच महिने योग्य, कारण पुढे वळवाचा भरवसा नाही. आषाढ-श्रावणात तर सांगलीकराचे लक्ष कृष्णेकडे असते. नदीवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या दिवसांत सकाळी भेटणारा माणूस ‘फिरायला येताय का’ असे विचारत नाही, ‘पाणी किती झालं’ असे विचारतो.