व्होल्टमापक–अँपिअरमापक पद्धत

विद्युत् मंडलातील एखाद्या घटकाच्या टोकांमधील दाब (विभवांतर) आणि त्या घटकातून वाहणारा प्रवाह एकाच वेळी मोजून त्यांवरून घटकाचा रोध व त्यात खर्च होणारी शक्ती काढण्याची रीत. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये घेतला, तर भागाकाराने रोध ओहममध्ये आणि गुणाकाराने शक्ती वॉटमध्ये मिळते. २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या विजेच्या शेगडीचा रोध सु. ५३ ओहम व शक्ती सु. १,००० वॉट येते. ही आकडेमोड शालेय पुस्तकांत असतेच.

इतिहास : दाब व प्रवाह यांचे प्रमाण कायम राहते, हे प्रथम कोणी ओळखले याविषयी मतभेद आहेत. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचनळ्यांतून लायडन बरण्यांचे (विद्युत् भार साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांचे) विसर्जन करून प्रयोग केले. त्या वेळी प्रवाहमापक नव्हता. बसणाऱ्या झटक्याच्या तीव्रतेवरून तुलना करावी लागे, म्हणजे मोजण्याचे उपकरण कॅव्हेंडिश यांचा स्वतःचाच देह होता. निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे संपादून १८७९ मध्ये छापली, तेव्हा त्यांत हा नियम जवळजवळ हाती आल्याचे दिसले. तथापि या टिपणांचा पुढील संशोधनावर परिणाम होणे शक्यच नव्हते, त्यामुळे श्रेय गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रान्समध्ये काही काळ क्लोद पूये यांच्या, ओहम यांच्यानंतर झालेल्या प्रयोगांना अग्रमान मिळत असे. तो दावा आता सहसा मांडला जात नाही.

ओहम यांचा पहिला प्रयत्न फसला होता. कोलोन येथे शिक्षक असताना १८२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात तारेची लांबी व प्रवाहातील घट यांचा संबंध लॉगरिथमी (घातांकगणितावर आधारलेला, साध्या प्रमाणाचा नव्हे) असल्याचे म्हटले होते. व्होल्टीय घटमालेची (रासायनिक क्रियेवर चालणाऱ्या आद्य बॅटरीची) प्रेरणा, म्हणजे प्रवाह वाहवणारा दाब, प्रयोग चालू असतानाच बदलत होती, हे त्याचे एक कारण. जर्मन भौतिकीविज्ञ पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे व बिस्मथ यांचे तपयुग्म (दोन धातूंच्या सांध्यांतील तापमानाच्या फरकाने दाब निर्माण करणारी जोडी) वापरले. एक संधी उकळत्या पाण्याने तापवलेली व दुसरी बर्फात, अशा मांडणीमुळे प्रेरणा स्थिर राहिली. २ ते १३० इंच लांबीच्या आठ तांब्याच्या तारा आळीपाळीने जोडून चुंबकसूचीवरील परिणाम पीळ-तुलेने (तारेला पडणाऱ्या पिळावरून बल मोजणाऱ्या उपकरणाने) मोजला असता, तो तारेची लांबी अधिक एक स्थिरांक यांच्या व्यस्त प्रमाणात आढळला. हा स्थिरांक म्हणजे मंडलाच्या उरलेल्या भागाचा रोध होय. हे निष्कर्ष १८२६ मध्ये आले आणि सैद्धांतिक मांडणी करणारा ग्रंथ १८२७ मध्ये बर्लिन येथे निघाला. जर्मनीत त्याचे स्वागत थंडे झाले. रॉयल सोसायटीने मात्र १८४१ मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले. त्याच वर्षी इंग्रज भौतिकीविज्ञ जूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग व रोध यांच्या प्रमाणात असते, असे दाखवून शक्तीच्या सूत्राचा पाया घातला. रशियातील भौतिकीविज्ञ लेंट्स यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला.

मापकांमुळे येणारी त्रुटी : ओहम यांचा तो स्थिरांक वेगळ्या रूपाने या पद्धतीतही डोकावतो, कारण दोन्ही मापकांना स्वतःचा रोध असतो. व्होल्टमापक अज्ञात रोध व अँपिअरमापक या दोहोंवर मिळून जोडला, तर भागाकारात अँपिअरमापकाचा रोध मिळवला जातो आणि उत्तर जास्त येते. तो वजा केला की खरा रोध मिळतो. व्होल्टमापक फक्त अज्ञात रोधावर जोडला, तर अँपिअरमापक व्होल्टमापकातून जाणारा प्रवाहही मोजतो आणि उत्तर कमी येते. पहिली जोडणी मोठ्या रोधांना व दुसरी लहान रोधांना योग्य. सीमारेषा दोन्ही मापकांच्या रोधांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाजवळ असते : अँपिअरमापक ०.५ ओहम व व्होल्टमापक ५,००० ओहम असल्यास ती ५० ओहमला येते. आधुनिक अंकीय व्होल्टमापकाचा रोध बहुधा १० मेगओहमच्या आसपास असल्याने दुसऱ्या जोडणीतील त्रुटी सामान्य कामात दुर्लक्षणीय ठरते. फार लहान रोधांसाठी प्रवाहाची व दाबाची टोके वेगळी ठेवणारी चार-तारी जोडणी वापरतात.

मर्यादा : दाब भागिले प्रवाह ही रोधाची व्याख्या आहे, ते प्रमाण दाब बदलला तरी स्थिर राहते हा ओहम यांचा नियम. पुष्कळ पुस्तकांत या दोहोंची गल्लत आढळते. २३० व्होल्ट, ६० वॉटच्या टंगस्टन दिव्याचा रोध पेटलेल्या स्थितीत सु. ८८० ओहम भरतो, थंड असताना त्याच्या जेमतेम दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतका. म्हणून काढलेला रोध कोणत्या दाबाला व तापमानाला, हे नमूद करावे लागते. वरील शेगडीचा रोध स्थिर मानला, तर २०० व्होल्टला तिची शक्ती सु. ७५० वॉटवर येते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

प्रत्यावर्ती प्रवाहात वेटोळे किंवा धारित्र असल्यास भागाकाराने रोध न मिळता संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मिळतो, आणि गुणाकाराला शक्तिगुणकाने (खरी शक्ती व दाब-प्रवाहाचा गुणाकार यांच्या गुणोत्तराने) गुणावे लागते. पंखा वा पंपाची चलित्रे यांसाठी त्यामुळे वॉटमापक जोडतात.