बोजोले

बोजोले ही पूर्व फ्रान्समधील त्याच नावाच्या प्रदेशात गामे जातीच्या काळ्या द्राक्षांपासून होणारी हलकी रेड वाइन. बर्गंडी प्रदेशाच्या दक्षिण टोकापासून लिऑन शहराजवळपर्यंत, सोन नदीच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर तिचे मळे आहेत. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने आपल्या मुलखातील गामेचे वेल उपटून टाकायचा हुकूम काढला होता. हा वेल सुपीक जमिनीत भरमसाट पिकतो आणि वाइन पाणचट होते, ही तक्रार रास्तच आहे. बोजोलेच्या उत्तर भागातील निकस ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र पीक आपोआप आवरते आणि तेच द्राक्ष सुरेख वाइन देते.

या वाइनचा स्वभाव ठरतो तो द्राक्षे न चिरडण्यामुळे. म्हणूनच तोडणी बहुतांशी हातानेच होते. देठासकट अख्खे घड टाकीत भरले की वरच्या वजनाने तळाचे घड फुटतात. त्या रसाचे यीस्टने किण्वन सुरू होते आणि निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. प्राणवायू नसलेल्या या वातावरणात वरचे अख्खे मणी आतल्या आतच, स्वतःच्या विकरांनी (एन्झाइमांनी), थोडी साखर मद्यात बदलतात. मद्य सुमारे २ टक्क्यांवर गेले की मण्याच्या पेशी मरतात आणि तो फुटू लागतो. तोवर मण्यातले आंबट मॅलिक आम्ल बरेच कमी झालेले असते, आणि चेरी, रासबेरी, कधी केळ्यासारखा वास तयार झालेला असतो. पाच-सहा दिवसांनी टाकीतला एक मणी कापून पाहिला, तर एरवी पांढुरका असणारा गर गुलाबी झालेला दिसतो. सालीचा रंग आत उतरतो, पण तुरटपणा देणारे टॅनिन फारसे उतरत नाही.

नव्या वाइनसाठी चार-पाच दिवस पुरतात, कसदार वाइनसाठी दहा ते वीस. मग घड दाबतात. दाबून निघणारा रस अजून गोड असतो. तिथले लोक त्याला ‘पारादी’, म्हणजे स्वर्ग, म्हणतात. उरलेली साखर पुढच्या किण्वनात संपते. घड कुजके असले किंवा टाकीत हवा शिरली, तर ॲसिटिक जिवाणू वाढून वाइनला व्हिनेगरचा वास येतो. यीस्ट मंदावले, तर लॅक्टिक जिवाणू उरलेली साखरच खातात आणि वाइन बिघडते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी ‘बोजोले नूव्हो’ (हा दिवस १९८५ पासून ठरला) जगभर गाजली, पण तिच्यावरून या प्रदेशाची पारख करणे अन्यायाचे आहे. ती काही महिन्यांत संपवावी. खरी गोडी उत्तरेकडील दहा ‘क्रू’मध्ये, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणाऱ्या सरस भागांत, आहे: फ्लरी सुगंधी, ब्रुयी मोकळी, तर मोर्गों आणि मूलँ-आ-व्हाँ भरदार, चांगल्या वर्षातली असेल तर आठ-दहा वर्षे टिकणारी. या बाटल्यांवर बहुधा क्रूचेच नाव ठळक असते. ‘बोजोले’ शब्द शोधत बसू नये.

टॅनिन कमी असल्याने ही वाइन गार चालते: साधी १२ अंश सेल्सिअसला, क्रू १४-१५ ला. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. मुंबई-पुण्याच्या ३० अंशांत तिची आंबटसर चव विस्कटते आणि मद्यच पुढे येते. बर्फ घातलेल्या पाण्यात बाटली १५-२० मिनिटे ठेवावी.

जेवणात तिची जोडी लिऑनच्या खाणावळींनी जमवली. तिथे ती ‘पो’ नावाच्या जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीतून येते, सोबत सुकवलेले सॉसेज, मोहरीच्या सॉसमधली आंदुयेत (आतड्यांचे सॉसेज) किंवा मऊ सँ-मार्सेलँ चीज. खारट, चरबीदार घासानंतर तिचा आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. वाइनमध्ये शिजवलेल्या कोंबडीला, दीड-दोन किलोच्या पक्ष्याला एक बाटली, मोर्गों उत्तम. भाजलेली कोंबडी आणि अळंबीबरोबर फ्लरी घ्यावी. तिखट रश्श्याबरोबर कडक टॅनिनची वाइन तोंडाची आग वाढवते. साधी, गार बोजोले त्यातल्या त्यात निभावते, पण तिखट बेताचेच हवे. गोड पदार्थाबरोबर मात्र ती निव्वळ आंबट लागते.