दोन पांढरे चिखल: चुनामय आणि सिलिकामय

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले खलबत्त्यात कुटून एका वाटीत ठेवले आणि दुसऱ्या वाटीत कोल्हापुरातल्या रोपवाटिकेतून घेतलेली डायटमी माती (डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची पूड) ठेवली, तर नुसत्या नजरेने त्यांतला फरक सांगणे अवघड जाते. लिंबू पिळल्यावर मात्र पहिली पूड फसफसते, दुसरी फक्त भिजते. खोल समुद्राच्या तळावरील चुनामय आणि सिलिकामय चिखलांतही हाच भेद असतो. दोन्हींत सूक्ष्मजीवांच्या कवचांचा वाटा किमान ३० टक्के असल्यामुळे ते एकाच प्रकारचे समजले जातात; पण फोरामिनिफेरा आणि कोकोलिथोफोर या एकपेशीय जीवांची कवचे कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुन्याची असतात, तर डायटम आणि रेडिओलेरिया या एकपेशीय जीवांची सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याची.

या कवचांचा कच्चा माल जमिनीवरूनच समुद्रात जातो. पंचगंगेच्या घाटावरचा काळा दगड ज्या बेसॉल्टचा आहे त्यात कॅल्शियम आणि सिलिका दोन्ही असतात. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात ती थोडीथोडी विरघळतात आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळतात.

खरा गोंधळ पुढे होतो. तळावर ज्याची कवचे सापडली तोच जीव वरच्या पाण्यात विपुल होता, असे उत्तरपत्रिकांतून सर्रास लिहिले जाते आणि ते चूक आहे, कारण कोणते कवच टिकेल हे पाण्याचे रसायन ठरवते. खोल पाणी थंड असते, त्यावरचा दाब प्रचंड असतो आणि कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमुळे त्यात कार्बन डायऑक्साइडही अधिक असतो, म्हणून साधारण चार ते पाच किलोमीटरखाली चुन्याची कवचे जितकी येतात तितकी विरघळून जातात. सिलिकाचे वागणे जवळपास उलटे आहे: समुद्राचे पाणी सिलिकाने कुठेच संपृक्त (आणखी विरघळू शकणार नाही इतके भरलेले) नसल्याने ती सर्वत्र विरघळते, आणि तेही वरच्या उबदार थरात अधिक वेगाने. त्यामुळे पोषकद्रव्ये वर येऊन डायटमांची बेसुमार वाढ होते अशा अंटार्क्टिकाभोवतालच्या पट्ट्यात, किंवा रेडिओलेरियांची रेलचेल असलेल्या विषुववृत्तीय प्रशांत महासागरातच तिचे जाड थर साठतात. (बारीक एकटेदुकटे कवच तळ गाठायला कित्येक महिने ते वर्षे घेते, प्लवकभक्षी (पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव खाणाऱ्या) जीवांच्या विष्ठेच्या गोळीत बांधले गेले तर ते काही दिवसांत पोहोचते, आणि विरघळण्यातून बचावते ते बरेचसे याच मार्गाने.)

दोन्ही चिखल साचण्याचा वेग हजार वर्षांत फार तर काही सेंटिमीटर इतकाच असतो. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, जिथे भारताला समुद्रतळावरील धातूंच्या शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले आहे, तळ सुमारे पाच किलोमीटर खोल असल्याने चुना फारसा उरत नाही आणि मोठ्या भागावर सिलिकामय चिखल पसरलेला आहे. त्याच चिखलावर मँगनीजच्या गाठी पडलेल्या आढळतात; त्या मात्र कवचांच्या नव्हेत, पाण्यातून आणि गाळातून धातू साकळून दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढलेल्या आहेत.