धूर आणि ॲव्हरेज: जुन्या पेट्रोल गाडीच्या निदानामागचा इतिहास

गाडी ॲव्हरेज देत नाही म्हणून आपण गॅरेजला जातो आणि गाडी धूर मारते म्हणून पंपावरच्या पीयूसीच्या टपरीवर. इंजिनाला ही वाटणी ठाऊक नसते. टाकीतून किती पेट्रोल गेलं आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडलं, हा एकाच जमाखर्चाचा डावा-उजवा रकाना. तरीही हे रकाने आपल्याकडे दोन वेगळ्या वह्यांत गेले. ते कसे गेले हे पाहिलं, की जुन्या गाडीचं निदान इतक्या वेळा का चुकतं ते कळतं. डिझेलची कहाणी वेगळी आहे. तिथे काळा धूर मोजायची रीतच निराळी, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

परदेशातला भाग थोडक्यात. गाडीच्या धुरावर पहिली मर्यादा कॅलिफोर्नियात १९६६च्या मॉडेलांपासून आली. अमेरिकेत १९७५च्या सुमाराला धुरातले विषारी वायू निवळवणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि १९७६ मध्ये एका स्वीडिश गाडीत धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर बसला. आपल्याकडे त्या काळात गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. धुराची चौकशी करायची चैन कुणाला होती?

मेकॅनिकचं काम डोळ्यांवर आणि नाकावर चालायचं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनातूनही पांढरा येत राहिला तर हेड गॅसकेटकडे बघा. प्लग काढून उजेडात धरायचा: टोक बिस्किटी रंगाचं असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर, कोरडी काजळी असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. ही पद्धत आजही खोटी ठरलेली नाही. त्या काळी ॲव्हरेजची आणि धुराची तक्रार एकाच माणसाकडे जायची आणि तो एकाच प्लगमध्ये दोन्हींचं उत्तर शोधायचा, हे इथे महत्त्वाचं.

फाटा फुटला १९८९ मध्ये. त्या वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रस्त्यावरच्या चारचाकी पेट्रोल गाडीला मर्यादा घातली: इंजिन नुसतं चालू असताना, म्हणजे आयडलिंगला, धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के. पुढे १९९१ मध्ये नव्या गाड्यांसाठी प्रयोगशाळेतली चाचणी आली, पण रस्त्यावरच्या गाडीला लागू राहिली ती आयडलिंगचीच. पीयूसी म्हणतात ते हेच.

या निर्णयावर आजही वाद होतो. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. चाचणी स्वस्त हवी, दोन मिनिटांत व्हायला हवी, गाडी जागच्या जागी पळवायचे रोलर किंवा मोठी जागा लागायला नको आणि तालुक्याच्या गावातही करता यायला हवी. सायलेन्सरमध्ये नळी घालून आकडा वाचणं एवढंच तेव्हा शक्य होतं. हे सगळं मान्य. पण कार्बोरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, रचना ज्याने एकदा उघडून पाहिली आहे, त्याला या चाचणीतली फट लगेच दिसते.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा एकापेक्षा जास्त असतात. आयडलिंगची वाट वेगळी. तिला स्वतःचा बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, आणि मिश्रण कमी-जास्त करायला बाहेरून फिरवता येणारा एक स्क्रू. ॲक्सिलरेटर दाबला, थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडला, की ही वाट मागे पडते आणि पेट्रोल मेन जेटमधून यायला लागतं. गाडी रस्त्यावर जे पेट्रोल पिते त्यातलं बहुतेक या दुसऱ्या वाटेने जातं. पीयूसीची नळी मोजते ती पहिली वाट. मेन जेटचं भोक वर्षानुवर्षं तार घालून घालून मोठं झालेलं असू शकतं, पेट्रोल आत सोडणारा निडल व्हॉल्व्ह झिजून कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी वर चढलेली असू शकते, एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो, आणि तरीही आयडलिंगचा स्क्रू पाऊण आटा आत घेतला की मीटरवरचा आकडा गपकन खाली येतो.

हे प्रत्यक्षात कसं चालायचं ते कार्बोरेटरच्या जमान्यातल्या कुणालाही आठवत असेल. गाडी आली, नळी घातली, आकडा आला ४.२. टपरीवरचाच पोरगा स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेटखाली वाकायचा. स्क्रू आत, थ्रॉटलचा स्टॉप थोडा वर, म्हणजे इंजिन बंद पडायला नको. आकडा २.६. छापा. मग गाडी सिग्नलला हिसके द्यायला लागायची, थंडीत सकाळी स्टार्ट व्हायची नाही, आणि मालक आठवडाभरात नेहमीच्या गॅरेजला जाऊन स्क्रू पूर्ववत करून घ्यायचा. कागद मात्र सहा महिने वैध.

३ टक्क्यांचा अर्थही समजून घ्यायला हवा. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असलं की ज्वलन पूर्ण होतं. कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के यायला हे प्रमाण साधारण साडेतेरास एकवर यावं लागतं, म्हणजे गरजेपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल. ‘पास’ या शब्दात एवढी उधळण बसत होती. शिवाय पहिली पंधरा वर्षं हायड्रोकार्बन मोजायचंच नव्हतं. मिसफायर होणारं, म्हणजे मध्येच पेट न घेणारं, इंजिन न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर टाकतं. त्याचा हायड्रोकार्बनचा आकडा आभाळाला भिडतो, पण कार्बन मोनॉक्साइड उलट कमीच दिसू शकतो. खराब प्लग, जळलेले पॉइंट, घट्ट राहिलेले टॅपेट, या ॲव्हरेज मारणाऱ्या दोषांना ही चाचणी चक्क आंधळी होती.

ऑक्टोबर २००४ मध्ये ही चूक काही अंशी दुरुस्त झाली. हायड्रोकार्बन मोजणं आलं. जुन्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम (दहा लाखांत १५०० भाग), भारत स्टेज दोन (भारत स्टेज म्हणजे नव्या गाड्यांच्या धुराच्या सरकारी निकषांचे टप्पे) आणि नंतरच्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. पुढे भारत स्टेज चारसाठी ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, आणि त्याखेरीज इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास ठेवून लॅम्डा मोजायचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण आदर्शाच्या किती जवळ आहे ते बघायचं. निदानाच्या दृष्टीने कामाची चाचणी ही. पण ती लागू झाली नव्या गाड्यांना, ज्यांचा कॉम्प्युटर हे प्रमाण तसंही सांभाळतो. कार्बोरेटरच्या गाड्या, जिथे तिची खरी गरज होती, त्या आयडलिंगवरच राहिल्या.

दुसऱ्या वहीचं, म्हणजे ॲव्हरेजचं, काय झालं? आपण ‘ॲव्हरेज’ म्हणतो ते टाकी फुल ते टाकी फुल, किलोमीटर भागिले लिटर. कंपनीच्या माहितीपत्रकात छापतात तो आकडा पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीतल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत, रोलरवर निघतो. पूर्वीचं चाचणीचक्र कमाल ४२ किलोमीटर वेगाचं होतं, २००० नंतरच्या सुधारित चक्रात वेग ९० पर्यंत जातो. एसी बंद, घाट नाही, कात्रजची रांग नाही. गंमत अशी की या चाचणीत पेट्रोल थेट मोजत नाहीत. सायलेन्सरचा धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे हिशोब चोख बसतो. म्हणजे ॲव्हरेजचा अधिकृत आकडा हा मुळात धुराचाच आकडा आहे. ग्राहकाला हे कुणी सांगितलं नाही.

१९९५ पासून चित्र बदलायला लागलं. त्या वर्षी १ एप्रिलला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासोबत शिसंविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाने कन्व्हर्टर मरतो. देशभरातून शिसं गेलं ते २०००च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात मुंबईत घेतलेली गाडी गणपतीला कोकणात गेली आणि वाटेत मिळेल ते पेट्रोल भरलं की तिच्या कन्व्हर्टरचं काय होत असेल, हे सांगायला नको. शिवाय कार्बोरेटर आणि कन्व्हर्टर हा संसारच विजोड. कार्बोरेटर रिच झाला की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते, वाट तुंबते. मग गाडी उचलत नाही, चालवणारा ॲक्सिलरेटर जास्त दाबतो आणि ॲव्हरेज आणखी पडतं. यावर गल्लोगल्ली निघालेला उपाय म्हणजे कन्व्हर्टर फोडून आतून पोकळ करणं. पिकअप परत आला म्हणून मालक खूश, आणि मूळ रोग, म्हणजे रिच मिश्रण, जागच्या जागी.

एप्रिल २००० च्या निकषांनंतर कार्बोरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली. आता मिश्रण सेन्सरच्या सांगण्यावर ठरायला लागलं, आणि निदानाची भाषा बदलली तरी हात जुनेच राहिले. माझा स्वतःचा धडा इथलाच. सेकंडहँड घेतलेली २००३ ची इंजेक्शनवाली गाडी शहरात लिटरला नऊ-साडेनऊच्या वर जाईना, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की काजळी. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, एकाने ऑक्सिजन सेन्सरही बदलायला लावला. कारण दिसत होतं, बघितलं नव्हतं: सातारा रोडला तासभर गाडी चालवूनही तापमानाचा काटा पावच्या वर चढत नव्हता. थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हचं, घर उघडलं तर आत काहीच नाही. आधीच्या कुणीतरी ‘गाडी गरम होते’ म्हणून व्हॉल्व्हच काढून टाकला होता. इंजिन कायम थंड, म्हणून कॉम्प्युटर कायम थंडीतला जादा डोस देत होता. काही शे रुपयांचा व्हॉल्व्ह बसवला आणि ॲव्हरेज तेराच्या घरात आलं.

हाच प्रकार एक्झॉस्टच्या गळतीचा. मॅनिफोल्डच्या गॅसकेटला चीर पडली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त, म्हणजे मिश्रण पातळ, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचं ॲव्हरेज असं पडतं. गाडीनेच स्वतःचा दोष सांगायचा, ही ओबीडीची सोय भारत स्टेज चारसोबत २०१० मध्ये सुरुवातीच्या रूपात आणि २०१३ पासून पूर्ण रूपात आली. भारत स्टेज चार लागू झालेल्या पहिल्या १३ शहरांत मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होतं. बाकी देशाला २०१७ उजाडलं.

यानंतरचा काळ कागदाचा. २०१७ मध्ये न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण नको असं सांगितलं, २०२४ मध्ये ती अट मागे घेतली. २०१९ च्या कायद्याने प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत नेला. २०२१ मध्ये देशभर एकच नमुना आला, क्यूआर कोडसह. त्यातच एक चांगली गोष्ट लोकांच्या नजरेतून निसटून गेली: नापास झालेल्या गाडीला कारण लिहिलेली चिठ्ठी द्यायची तरतूद. ही चिठ्ठी हातात पडली तर मेकॅनिकला अर्धं निदान तयार मिळतं, पण चर्चा झाली ती फक्त दंडाची.

आता इथेनॉल. पेट्रोलमध्ये त्याचं ५ टक्के मिश्रण २००३ मध्ये नऊ राज्यांत सुरू झालं. उसामुळे महाराष्ट्र त्यात असणारच होता. २०२२ मध्ये १० टक्के, २०२५ मध्ये २० टक्के. त्यावरून काहीच फरक पडत नाही म्हणणारे आणि इंजिन संपलं म्हणणारे असे दोन तट पडले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. सरकारी आराखड्यानेच २०२१ मध्ये, बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६-७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. पुढे ही घट किरकोळ म्हणून सांगितली गेली. लिटरला पंधरा देणाऱ्या गाडीत ६-७ टक्के म्हणजे सुमारे एक किलोमीटर.

इंजेक्शनच्या जुन्या गाडीत कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडून तूट भरून काढतो. स्कॅनरवर ही दुरुस्ती अधिक चिन्हाने दिसते आणि नवखा मेकॅनिक ती पाहून हवेची गळती शोधत बसतो. कार्बोरेटरला भरपाई करता येत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून आलेलं मिश्रण आपोआप पातळ होतं, आणि आयडलिंगचा कार्बन मोनॉक्साइड खाली येतो. आजवर ठोकताळा होता की ॲव्हरेज पडलं तर धुराचा आकडा चढलेला सापडेल. आता पीयूसीच्या टपरीवर जुनी गाडी पूर्वीपेक्षा स्वच्छ ठरते आणि टाकी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते. मग कुणी मेन जेट एक नंबर मोठा टाकून घेतो. गाडीचे हिसके थांबतात. ॲव्हरेज परत येत नाही.