ड्रीमलाइनर आणि ए३५०: दिसायला भावंडं, डाव मात्र वेगळे

बोइंग ७८७ ड्रीमलाइनर आणि एअरबस ए३५० लांबून बघितली तर भलतीच सारखी वाटतात. दोन्ही दोन इंजिनांची, लांब पल्ल्याची, कार्बन फायबरची. कॉकपिटच्या काचांभोवती काळा गॉगल दिसला की ए३५० समजायचं. इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते असले की ७८७. या साम्यामुळेच ‘ए३५० म्हणजे ड्रीमलाइनरला एअरबसचं उत्तर’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

२००० च्या अखेरीस एअरबसने दुमजली ए३८० वर पैसा लावला. मोठे विमानतळ गच्च भरणार, तेव्हा एकाच फेरीत जास्त माणसं न्यायची, हा हिशेब. बोइंगचा होरा उलटा होता: प्रवाशाला वाटेत विमान बदलायचं नसतं, म्हणून कमी इंधन खाणारं मध्यम विमान द्या, कमी गर्दीच्या शहरांमध्येही थेट सेवा परवडेल. जपानच्या एएनए या विमान कंपनीने ५० विमानं मागवली आणि २००४ मध्ये ७८७ चं काम सुरू झालं. ए३८० मात्र २०२१ मध्ये २५१ विमानांवर थांबलं.

७८७ ला तोंड द्यायला एअरबसने आधी ए३३० लाच नवे पंख आणि नवी इंजिनं लावून ए३५० म्हणून पुढे केलं. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. विमानं भाड्याने देणाऱ्या आयएलएफसीचे स्टीव्हन उद्वार-हेझी यांनी तर २००६ मध्ये जाहीरपणे सुनावलं. त्याच वर्षी रुंद धडाचं, पूर्णपणे नवं ए३५० मांडलं गेलं. एव्हाना निशाणाही सरकला होता: थोरल्या ए३५०-१००० ची गाठ थेट बोइंगच्या ७८७ हून मोठ्या ७७७-३००ईआरशी होती. एका विमानाने बोइंगच्या दोन विमानांना घेरायचं, असा हा डाव.

बांधणीत बोइंग जास्त धाडसी. त्यांनी धडाचे भाग अख्ख्या नळकांड्यांसारखे बनवले, तर एअरबसने लांब पट्ट्या सांगाड्यावर बसवल्या. ७८७ मध्ये केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेवरच्या कॉम्प्रेसरने आणली. ए३५० ने जुनीच पद्धत ठेवली. बोइंगने पंखांपासून धडापर्यंतचं कामही जपान, इटलीत वाटून दिलं आणि ते चांगलंच अंगाशी आलं. जुलै २००७ मध्ये थाटात बाहेर काढलेल्या पहिल्या विमानाचे कित्येक भाग तात्पुरत्या फास्टनरांनी जोडलेले होते. ते उडालं डिसेंबर २००९ मध्ये. २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे सगळी ७८७ जमिनीवर आली, तेव्हा एअरबसने ए३५० साठी निमूटपणे निकेल-कॅडमियम बॅटऱ्या निवडल्या. उशिरा आल्याचा एवढा फायदा तर झालाच.

प्रवाशाच्या वाट्याला येतो तो रुंदीतला फरक. इकॉनॉमीत दोन्हीकडे बहुधा एका ओळीत नऊच जागा, पण ए३५० ची केबिन सुमारे १२ सेंटिमीटर जास्त रुंद. नऊ जणांत वाटल्यावर किरकोळ वाटतं, रात्रभराच्या प्रवासात खांद्याला कळतं.

७८७ ला थेट भिडेल असं धाकटं ए३५०-८०० ही ठरलं होतं, पण विमान कंपन्या मोठ्या आकारांकडे वळल्या आणि ते बारगळलं. ती जागा भरायला एअरबसने २०१४ मध्ये ए३३० निओ जाहीर केलं: ए३३० च, नव्या इंजिनांसह. म्हणजे २००६ साली हसण्यावारी नेलेलीच कल्पना. त्याचं रोल्स-रॉइस इंजिनही ७८७ च्याच ट्रेंट १००० इंजिनावरून बेतलेलं आहे.