इंग्लंडमधील 'नियुक्त शिक्षक': एका पदाची पार्श्वभूमी

ज्या मुलांचे संगोपन आईवडिलांऐवजी स्थानिक कौन्सिल करते, त्यांच्या अभ्यासाची जबाबदारी सांभाळणारा एक शिक्षक इंग्लंडमधील प्रत्येक सरकारी शाळेत असतो. त्याला तेथे 'डेझिग्नेटेड टीचर', म्हणजे नियुक्त शिक्षक, म्हणतात. आज हे पद कायद्याने बंधनकारक आहे. परंतु अशा मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न कित्येक दशके दोन खात्यांच्या मध्ये पडून राहिला होता.

जानेवारी 1945 मध्ये श्रॉपशायर परगण्यातील एका शेतावर, प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे कौन्सिलच्या वतीने मूल सांभाळणाऱ्या घरात, ठेवलेला डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाण आणि उपासमारीमुळे मरण पावला. त्या धक्क्याच्या काळात नेमलेल्या कर्टिस समितीच्या 1946 च्या अहवालावरून 1948 चा बालक कायदा झाला आणि निराधार मुलांसाठी कौन्सिलांमध्ये स्वतंत्र बालविभाग उभे राहिले. मुलाला सुरक्षित घर मिळावे ही त्या वेळची पहिली निकड होती आणि ती रास्तच होती. पण शाळा शिक्षण खात्याकडे आणि मूल बालविभागाकडे अशी जी वाटणी झाली, ती पुढे खोलवर रुजली.

या दरीवर नेमके बोट ठेवले ते संशोधक सोनिया जॅक्सन यांनी. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनाने या मुलांच्या शिक्षणाची उपेक्षा प्रथमच ठळकपणे समोर आणली. 1989 च्या बालक कायद्याने कौन्सिलच्या जबाबदारीची नव्याने मांडणी केली, 1994 मध्ये शिक्षण विभागाने परिपत्रक काढले, आणि 1995 मध्ये शाळा व समाजसेवा या दोन्ही क्षेत्रांच्या निरीक्षकांनी संयुक्त अहवालात सांगितले की मुलाच्या अभ्यासातील प्रगतीला ना सोशल वर्कर अग्रक्रम देतात, ना शिक्षक.

नियुक्त शिक्षक ही कल्पना मे 2000 च्या सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्टपणे आली, आणि तिच्याबरोबरच प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडाही आला. हा आराखडा ठरवण्याच्या बैठकीला शिक्षक, सोशल वर्कर, प्रतिपालक आणि बहुधा ते मूलही असते. वाचनात ते कुठे अडते, शिकवणी कोण देणार, सहलीच्या संमतिपत्रावर सही कोणी करायची, असे प्रश्न तेथे सुटावे लागतात. सही कोणाची चालेल हे वेळेत न ठरल्यास सहलीची बस त्या मुलाला न घेताच निघते. ज्या मुलाने आधीच बरेच काही गमावले आहे, त्याच्या दृष्टीने ही लहान बाब नाही. बैठकीसाठी त्याला गणिताच्या तासातून सर्वांदेखत उठवून नेणे हेसुद्धा त्याला वेगळे पाडते. म्हणून चांगला नियुक्त शिक्षक बैठकीची वेळही जपून निवडतो.

ही मार्गदर्शिका केवळ शिफारस असल्यामुळे तिचा अंमल शाळागणिक बदलत राहिला. सामाजिक वंचिततेचा अभ्यास करणाऱ्या 'सोशल एक्सक्लूजन युनिट' या सरकारी गटाच्या 2003 च्या अहवालानुसार, किमान एक वर्ष कौन्सिलच्या संगोपनात राहिलेल्या मुलांपैकी अवघ्या 8 टक्के मुलांना जीसीएसई या साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालेय परीक्षेत पाच विषयांत वरच्या श्रेणी मिळत होत्या. एकंदर मुलांमध्ये हेच प्रमाण सुमारे 50 टक्के होते. माझ्या मते, पुढच्या सगळ्या कायद्यांना खरी गती याच तफावतीने दिली. 2004 च्या बालक कायद्याने अशा मुलांच्या शैक्षणिक प्रगतीस चालना देणे हे कौन्सिलचे कर्तव्य ठरवले. त्यानंतर 2008 च्या कायद्याने शाळेच्या नियामक मंडळावर असा नियुक्त शिक्षक नेमण्याचे बंधन घातले, आणि सप्टेंबर 2009 पासून लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी पात्र शिक्षकाकडेच असावी असे ठरवले.

कौन्सिलच्या पातळीवर याला जोड मिळाली ती 'व्हर्च्युअल स्कूल'च्या प्रमुखाची. या शाळेला इमारत नसते. वेगवेगळ्या शाळांत विखुरलेल्या मुलांकडे एकाच शाळेचे विद्यार्थी असल्यासारखे लक्ष देणे हे त्या प्रमुखाचे काम. 2014 च्या कायद्याने हे पदही बंधनकारक केले. मुलांसाठीचे वाढीव अनुदान याच प्रमुखाच्या हाती असल्याने नियुक्त शिक्षकाला पैशांसाठी त्यांच्याशी सतत बोलावे लागते.

2017 च्या कायद्यानुसार, सप्टेंबर 2018 पासून, दत्तक गेलेली किंवा विशेष पालकत्वाखाली, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडे, जाऊन कौन्सिलच्या संगोपनातून बाहेर पडलेली मुलेही या शिक्षकाच्या कक्षेत आली. मात्र या कामासाठी आठवड्याचे किती तास मोकळे ठेवावेत, हे नियमांत ठरवलेले नाही. शिवाय दत्तक मुलाचा पूर्वेतिहास शाळेला बहुधा पालकांनी सांगितल्यावरच कळतो. त्यामुळे त्या मुलासाठी नियुक्त शिक्षकाचे काम पालकांचा विश्वास मिळवण्यापासून सुरू होते.